शिमग्यापासून गणपतीपर्यंत

"चोरी कधी झाली?" हवालदारांनी विचारलं, आणि आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो.

२०२४ चे गणपती होते. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी आम्ही दोन दिवस आधी पोचलो होतो, साफसफाईला. पुढच्या दाराचं कुलूप होतं तसंच होतं. मागच्या दाराची कडी मात्र उचकटलेली. न्हाणीघरातला तांब्याचा बंब गेला होता, फडताळावरचे हंडे गेले होते, दोन पितळी समया गेल्या होत्या आणि आजीचं घंगाळ गेलं होतं. दार उघडंच राहिल्यामुळे पावसाचं पाणी आत आलेलं. मागच्या खोलीच्या जमिनीवर शेवाळाची हिरवी साय धरली होती. ती किती दिवसांची असेल, याचा अंदाज मी बोट फिरवून घेत होते. आठ दिवसांची? महिन्याची?

"शेवटचं कधी आला होतात?"

"शिमग्याला."

"मग शिमग्यापासून गणपतीपर्यंत, असं लिहितो," ते म्हणाले, आणि त्यांनी तसं लिहिलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. आमच्याकडे दुसरं उत्तरच नव्हतं.

घंगाळाचं दुःख झालंच. त्यात आजीने आम्हा सगळ्या नातवंडांना आंघोळी घातल्या होत्या. पण त्या दिवसापासून मला जास्त सलत राहिलं ते हे, की साडेपाच महिन्यांत त्या घरात काय घडलं, कोणत्या दिवशी घडलं, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं राहतात त्या घराला रोजची तारीख असते. दूध येतं, केर निघतो, कुणाला तरी ताप येतो. बंद घराला तारीख नसते. कोकणातली कितीतरी घरं अशी बिनतारखेची उभी आहेत.

तारीख नव्हतीच, असं तरी कसं म्हणू? गडग्यापलीकडचे तात्या रोज संध्याकाळी आमच्या तुळशीपुढे दिवा लावत होते. आई-बाबा गेल्यापासून त्यांनी एक दिवस चुकवला नाही. पण दिवा पुढच्या अंगणात. मागल्या बाजूला पावसात पुरुषभर रान माजतं, तिकडे कोण कशाला जाईल? तात्यांना मात्र ते फार लागलं. "रोज येत होतो गो, आणि मागे काय झालंय ते कळलं नाही," असं ते दहा दिवसांत दहा वेळा म्हणाले असतील. विसर्जनाच्या दिवशी मी त्यांना सांगितलं, की आम्ही कॅमेरे बसवायचं म्हणतोय. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बसवा. आता आमचे डोळेपण जुने झाले."

ते वाक्य मी ठाण्याला घेऊन आले.

कॅमेरा घ्यायचा म्हटल्यावर जो तो मेगापिक्सेल सांगतो. दोनचा घे, पाचचा घे, आठचा घे. मला महिनाभर वाचून एवढं कळलं, की आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा: मला काय ओळखायचंय, आणि ते किती अंतरावरून? माणूस आलाय एवढं कळणं वेगळं आणि कोण आलाय हे कळणं वेगळं. या क्षेत्रातलं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत हे मोजून ठेवलंय. एक मीटर रुंदीच्या जागेत २५ पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, पडले की काहीतरी हललं एवढं समजतं. १२५ पडले तर आपल्या माहितीतला माणूस ओळखता येतो. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची तर २५० लागतात. आता दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल असतात. म्हणजे साडेसात मीटरपेक्षा रुंद दृश्य धरलं, की चेहऱ्याची खात्री संपली. दुकानात सर्रास देतात ती २.८ मिलिमीटरची लेन्स शंभर अंशांच्या आसपास बघते. तिच्यातून एवढी रुंदी तीन-सव्वातीन मीटरवरच भरते. अख्खं अंगण एका चौकटीत दिसतं आणि त्या अंगणात कोण उभं आहे ते सांगता येत नाही! सहा मिलिमीटरची लेन्स अंगण दाखवणार नाही, पण आठ मीटरवरचा चेहरा दाखवील.

मी कागदावर घराचा नकाशा काढला. पुढे ओटी, अंगण, तुळस, बेडं, म्हणजे आवाराचं फाटक. डाव्या अंगाला गडगा आणि पलीकडे तात्यांचं घर. मागे न्हाणीघर, विहीर, आणि विहिरीकडून वर बागेत जाणारी पायवाट. चोर मागूनच आला होता आणि पायवाट एकच आहे. म्हणून तिथे चार मेगापिक्सेलचा, सहा मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा. पुढच्या अंगणाला २.८ चा, रुंद. तिसरा आत माजघरात, मागच्या दाराकडे तोंड करून. तीनच. दुकानदार आठाचा संच देत होता, त्यात सूट होती. आठ कॅमेरे लावून मी काय बघणार होते? आजूबाजूला नुसती आंब्याची कलमं आहेत.

वायफायचे कॅमेरे स्वस्त पडतात आणि शहरातल्या फ्लॅटला ते ठीकही आहेत. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, हातभर जाड. ओटीवरचा मोबाईलचा सिग्नल माजघरात जाता जाता अर्धा होतो. तेव्हा केबल ओढायचं ठरलं. एकाच नेटवर्क केबलमधून चित्रही येतं आणि कॅमेऱ्याला वीजही जाते, अशी सोय आता आहे. शंभर मीटरपर्यंत ती चालते, प्रत्येक कॅमेऱ्याशेजारी वेगळा प्लग नको, अॅडॉप्टर नको. फक्त केबल शुद्ध तांब्याची आहे ना हे विचारून घ्यावं. अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाजारात निम्म्या भावाने मिळते. लांब अंतरावर तिच्यात विजेचा दाब कमी होतो आणि कॅमेरा नेमका रात्री, त्याचे अंधारात बघायचे दिवे लागले की बंद पडतो.

साठवणुकीचं गणित मी दोनदा केलं, कारण माझा सगळा प्रश्न त्यावरच होता. नव्या पद्धतीने दाबून साठवलेलं चित्र सेकंदाला दोन मेगाबिट धरलं, तर एक कॅमेरा दिवसाला २१ ते २२ जीबी खातो. तीन कॅमेरे, ६५ जीबी. एक टीबीची डिस्क पंधरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहू लागते. आणि मला तर शिमग्यापासून गणपतीपर्यंत हवं होतं! साडेपाच महिन्यांचं सलग चित्रण ठेवायचं तर दहा टीबीच्या वर जागा लागली असती. मग मधला मार्ग काढला. आतला आणि मागचा कॅमेरा हालचाल झाली तरच नोंद ठेवणार, पुढचा सलग, आणि डिस्क चार टीबीची, चोवीस तास लिहिण्यासाठी म्हणून वेगळी बनवतात ती. कामाची नोंद दिसली तर ती मी त्याच दिवशी उतरवून घेईन. सगळं चित्रण इंटरनेटवरून ठाण्याला आणण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे सिमकार्डवर चालणारा राउटर आहे, दिवसाला दीड-दोन जीबी मिळतात. त्यातून हलक्या प्रतीचं चित्र तासभर बघितलं तरी सव्वादोनशे एमबी जातात. म्हणजे रोज थोडं डोकावता येतं, बसून राहता येत नाही. ते बरंच झालं, असं मला पुढे वाटलं.

घर सामायिक आहे. घरपट्टीवर पाच नावं आहेत, पाचही वेगवेगळ्या गावी. २०२५ च्या फेब्रुवारीत कलकत्ता उच्च न्यायालयाचा एक निकाल आला. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद होता. एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या आत कॅमेरे लावले होते, आणि न्यायालयाने ते बंद करायला लावले. पुढे मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. ती बातमी नाशिकच्या चुलतभावाने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली, त्याखाली फक्त 'वाचा' असं लिहून. त्याचं बरोबर होतं. माजघरातला कॅमेरा गणपतीत काय करणार? तिथे आम्ही बायका साड्या बदलतो, लेकुरवाळ्या मुलांना घेऊन बसतात. तेव्हा पाचही जणांनी लिहून कबूल केलं: घरात माणूस राहायला आलं, की माजघरातल्या कॅमेऱ्याची केबल उपटून ठेवायची. अॅपमधून बंद करणं पुरेसं नाही. केबल हाताने काढायची, सगळ्यांना दिसेल अशी.

एप्रिलअखेर देवरुखहून एक मुलगा काम करायला आला. हुशार आणि कष्टाळू. तात्या सकाळपासून अंगणात होते. शिडी लावायच्या आधी त्यांनी थांबवलं आणि बेड्याजवळच्या फणसाखाली राखणदाराला नारळ ठेवला. "जागेला सांगून काम करावं," ते म्हणाले. त्या मुलाने चप्पल काढून हात जोडले. मीही जोडले. या जागेची राखण आमच्या आधी कुणीतरी करत होतं हे मला खरंच मान्य आहे.

चिऱ्यात भोक पाडणं सोपं आणि टिकवणं अवघड. दगड मऊ, सच्छिद्र, नेहमीचा छोटा प्लग त्यात सैल होतो. पहिला कॅमेरा हाताने ओढला तर हलला. मग दोन कॅमेरे सरळ लाकडी वाशावर घेतले आणि तिसऱ्याला लांब फास्टनर मारले. जोड सगळे बंद डब्यात घेतले, डब्याच्या तोंडाला सिलिकॉन भरलं, नाहीतर पहिल्या पावसाआधी लाल मुंग्या घर करतात. केबल कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, आत शिरत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो तिथे. डब्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ-पाणी आत शिरणार नाही असा दाखला, पण झोळ देणारा हात नसला तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

एका गोष्टीवरून मात्र मी त्या मुलाला बोलले. त्याने रेकॉर्डरला तोच पासवर्ड ठेवला होता जो तो सगळ्या गिऱ्हाइकांना ठेवतो. "मॅडम, विसरलात तर मला फोन करता येतो ना," असं त्याचं म्हणणं. २०१६ साली मिराई नावाच्या एका प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर असेच गिळले होते. त्याच्याकडे कारखान्यातून आलेल्या साठ-एक पासवर्डांची यादी होती आणि तो एकेक लावून बघत होता. त्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पडल्या, आणि हल्ला करणाऱ्यांत कुणाच्या तरी दारावरचा कॅमेरा होता. हे त्याला सांगितलं तेव्हा तो खरोखर दचकला. आपल्याकडे २०२५ च्या एप्रिलपासून कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेची सरकारी चाचणी सक्तीची झाली आहे, ते चांगलंच आहे. पण चाचणी कॅमेऱ्याची होते. पासवर्ड आपला आपणच ठेवायचा असतो.

पहिला आठवडा मी फोनला चिकटून होते. माडाची झापं हलली की सूचना यायची. पाकोळी आली की सूचना. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि कोळ्याने लेन्ससमोर जाळं विणलं की त्याचा धागा पांढऱ्या दोरखंडासारखा दिसतो. तात्या दर चार दिवसांनी काठीला फडकं बांधून लेन्स पुसत. त्यांचा मोठा झालेला चेहरा चौकटीत यायचा, आणि ते कॅमेऱ्याकडे बघून विचारायचे, "दिसतंय का गो आता?" त्या कॅमेऱ्याला माइक आहे, म्हणून मला ऐकू यायचं. त्यांना माझं उत्तर ऐकू जायचं नाही. मग मी फोन करायची.

या घराची तारीख मला परत मिळाली होती. वानरांची टोळी सकाळी सातला येते. एक उदमांजर रात्री अकराच्या सुमारास विहिरीच्या काठावरून जातं, रोज. कापा फणस कोणत्या दुपारी आपणहून पडला ते मला ठाऊक होतं. आणि सहा पन्नास ते सातच्या मध्ये तात्या बेडं उघडून येतात, तुळशीपुढे वाकतात, हाताचा आडोसा करून काडी ओढतात. मी ऑफिसमधून निघताना गाडीत ते रोज बघायची. मला वाटायचं, मी त्यांच्याबरोबर दिवा लावतेय.

मेच्या मध्यावर काकूंचा, तात्यांच्या बायकोचा, फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्या चाचरत म्हणाल्या, "काल दिवा लावायला जमलं नाही हो. ह्यांचा गुडघा सुजलाय. तुला दिसलंच असेल, म्हणून म्हटलं आपणच सांगावं."

मी काही तरी बोलले, डॉक्टरांचं विचारलं. फोन ठेवल्यावर मात्र गाडीत बसवेना. बावीस वर्षं ज्या माणसाने कुणी न सांगता दिवा लावला, त्याच्या बायकोला आज एका दिवसाचं कारण द्यावंसं वाटलं. मी विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हते. पण मला दिसतं हे त्यांना ठाऊक होतं, एवढं पुरे होतं. तात्या परवा कॅमेऱ्याखालून जाताना सदरा नीट करत होते, तेही मला तेव्हा आठवलं. आपल्या रोजच्या वाटेवर, आपल्या इच्छेने करायच्या कामाला त्यांना हजेरी लागली होती, आणि हजेरीपट माझ्या हातात होता.

घरगुती कॅमेऱ्याची कल्पना ज्या बाईची, तिची गोष्ट मी याच काळात वाचली होती. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी कृष्णवर्णीय परिचारिका. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा आडनिड्या, रात्री-अपरात्री ती घरी एकटी, आणि पोलीस बोलावले तर वेळेवर येतील याची खात्री नाही. दाराला चार वेगवेगळ्या उंचींवर छिद्रं, त्यांवर वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आत पडदा, अशी रचना दोघांनी मिळून केली. १९६६ मध्ये अर्ज केला, १९६९ च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. ती बाई घरात होती आणि दाराबाहेर कोण आहे ते तिला बघायचं होतं. त्यात मला काही खटकत नाही. मी घरात नव्हते. मी तीनशे किलोमीटरवर बसून, माझ्या घराजवळ राहणाऱ्यांना बघत होते.

कॅमेऱ्यात एक सोय असते. चित्राचा जेवढा भाग बघायचा नसेल त्यावर काळा चौकोन ओढता येतो. तेवढ्या भागाची नोंदच होत नाही, नंतर कुणाला हवी म्हटली तरी मिळत नाही. ती शेजाऱ्यांच्या खिडक्यांसाठी असते आणि गडग्यापलीकडचं तात्यांचं अंगण मी पहिल्याच दिवशी तिने झाकलं होतं. आता दुसरा चौकोन ओढला, बेड्यापासून तुळशीपर्यंतच्या वाटेवर. अंगणाचा डावा निम्मा भाग गेला. त्या बाजूने चोर आला तर ओटीवर चढेपर्यंत दिसणार नाही, हे मला कळत होतं. चुलतभावांना सांगितलं. नाशिकच्याने 'ठीक' असं लिहिलं.

काकूंना फोन करून सांगितलं, की आता तुळस दिसत नाही.

"मुद्दाम केलंस?"

"हो."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "ह्यांना सांगते."

आषाढात तिकडे वीज गेली. इन्व्हर्टर पन्नास वॅटच्या हिशेबाने एक रात्र आणि दुसरी दुपार टिकला, मग तोही बसला. तीन दिवस काही दिसलं नाही. चौथ्या दिवशी चित्र आलं, पण कोपऱ्यातली तारीख बघून मला घाम फुटला: १ जानेवारी २०००. रेकॉर्डरमधलं नाण्याएवढं सेल मेलेलं होतं आणि इंटरनेटवरून घड्याळ जुळवून घेण्याची सोय कुणी चालूच केली नव्हती. मीही तपासली नव्हती. ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं केलं, तीच गेली होती. त्यात मागच्या कॅमेऱ्यात एक नोंद होती. प्लास्टिकची खोळ डोक्यावरून ओढलेला एक माणूस पायवाटेने खाली आला, काही तरी जड ओढत नेलं, आणि चौकटीबाहेर गेला. सहा मिलिमीटरची लेन्स होती, अंतर बरोबर होतं, पिक्सेल पुरेसे होते. खोळीखालचा चेहरा दिसत नव्हता. वेळ दोन वाजून पस्तीस मिनिटं, साल २०००.

वीज आली त्या क्षणी रेकॉर्डर शून्यापासून मोजायला लागला असणार. वीज कधी आली ते कळलं, तर बाकी सगळं बेरीज करून काढता येईल. मी काकूंना फोन केला.

"थांब हां, बघून सांगते." त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, गाय कधी दाखवली, सगळं त्यावर. "गुरुवारी आली. पहाटे पाच दहाला. पंखा सुरू झाला म्हणून जाग आली, तेव्हा घड्याळ बघितलं."

पाच दहा अधिक दोन पस्तीस. पावणेआठ.

"काकू, गुरुवारी पावणेआठला आमच्या मागे कुणी आलं होतं का?"

"अगो, हेच. कलमाची फांदी मोडून न्हाणीघरावर आली होती, ती ओढून बाजूला केली. गुडघा दुखत असताना, ऐकतायत कुठे." मग कागदाची चुळबुळ ऐकू आली. त्या चौकोनातलं उरलेलं वाचत होत्या, चष्मा न लावता, थांबत थांबत. "दूध अर्धा लिटर. वीज आली. तिकडची फांदी काढली. संध्याकाळी दोन्हीकडे दिवा."